परतीचं तिकीट आधी काढू नकोस

ताई, अमेरिकेतून नागपूरला येऊन आयव्हीएफ (टेस्ट ट्यूब बेबीचे उपचार) करणार, छान! पण परतीचं तिकीट आत्ताच काढू नकोस. आम्ही तीच चूक केली. अंडी वाढवायची इंजेक्शनं साधारण 10-12 दिवस चालतात, पण अंडाशय कॅलेंडर पाहत नाही.

- तुझी एएमएच (अंडाशयात अंड्यांचा साठा किती, याचा अंदाज देणारी रक्ततपासणी), नवऱ्याची वीर्यतपासणी तिकडेच करून रिपोर्ट पाठव. नवऱ्याची तपासणी मागं राहते, नेहमीचंच.
- क्लिनिक 2021 च्या एआरटी (सहाय्यक प्रजनन तंत्रज्ञान) कायद्याखाली नोंदलेलं हवं.
- पॅकेजमध्ये इंजेक्शनं, भूल, भ्रूण गोठवणं धरलंय का? लेखी घे.
- गोठवलेले भ्रूण सोबत नेता येतील असं गृहीत धरू नकोस, याच कायद्याखालच्या राष्ट्रीय मंडळाची परवानगी लागते.

शक्यतो मे टाळ. सीताबर्डीहून इंजेक्शनं आणली, तर घरी पोचेपर्यंत डब्यातल्या बर्फाचं पाणी! भ्रूणाच्या जनुकीय तपासणीचं नंतर बोलू.