अपूपासून सुरुवात कर, पण घाई नको

जुने बंगाली सिनेमे बघायचेत ना? मग सत्यजित राय यांची अपू-त्रयी, म्हणजे अपू नावाच्या मुलाच्या आयुष्यावरचे तीन सिनेमे, क्रमानेच बघ: ‘पथेर पांचाली’ (१९५५), ‘अपराजितो’ (१९५६), ‘अपूर संसार’ (१९५९). पण तिन्ही एका बैठकीत उरकू नकोस. पहिल्यात गोष्ट पुढे सरकत नाही असं वाटेल. वाटू दे. अपूची बहीण दुर्गा वारल्यावर तिने चोरलेली माळ त्याला सापडते. तो कुणाला काही न सांगता ती तळ्यात फेकतो आणि शेवाळ पुन्हा जुळून येतं. पोर मोठं झालं ते तिथे, पण कुणी तसं बोलून दाखवत नाही.

माझं मत विचारशील तर खरं रत्न ‘अपराजितो’च. बहुतेक लोक पहिल्याचंच कौतुक करत बसतात. शिकायला कलकत्त्याला गेलेला अपू सुट्टीत घरी येतो, पण त्याचं लक्ष घरात नसतं. परत निघतो, स्टेशनावर गाडी समोर येते, तरी चढत नाही. घरी येऊन आईला सांगतो, गाडी चुकली. सर्बजयाचा चेहरा तेव्हा नीट बघ. पुढे आजारी पडल्यावरही ती त्याला कळवत नाही. अभ्यास बुडेल ना!

ऋत्विक घटकांचा ‘मेघे ढाका तारा’ (१९६०) मात्र लगेच घेऊ नकोस. फाळणीत उखडलेलं घर एकट्या नीताच्या पगारावर चालतं, आणि घरचेच तिला पिळून काढतात. आधी रायांचाच ‘महानगर’ (१९६३) बघून घे, तो त्या मानाने हलका आहे.