कोरडवाहू गव्हाला पालाश: पेरून द्या, फेकू नका

प्रश्न: जमीन खोल काळी आहे. सोयाबीन निघाले, आता ओलीवर गहू पेरतोय. दुकानदार म्हणतो, एकरी एक गोणी 10:26:26 आणि वर एक गोणी लाल पोटॅश टाका, दाणा ठोसर होतो. टाकू का?

नको. हिशेब बघा. 10:26:26 म्हणजे शेकडा 10 नत्र, 26 स्फुरद आणि 26 पालाश (पोटॅश). 50 किलोच्या अशा गोणीत 13 किलो पालाश, लाल पोटॅशच्या, म्हणजे म्युरेट ऑफ पोटॅशच्या, गोणीत 30 किलो. म्हणजे एकरी 43 किलो. कोरडवाहू गव्हाची शिफारस मुळात हेक्टरी 40 किलो नत्र आणि 20 किलो स्फुरद एवढीच. पालाश द्यायचे ते माती परीक्षणात कमी निघाले तर, आणि तेही हेक्टरी 20 किलो, म्हणजे एकरी 8. दुकानदार तुम्हाला पाचपटीहून जास्त सांगतोय. बागायती गव्हालासुद्धा हेक्टरी 40 किलोच्या आसपासच पालाश सांगतात. ज्या पिकाला एकही पाणी मिळणार नाही त्याला त्याहून जास्त कशासाठी?

खोल काळ्या जमिनीत पालाश बहुधा भरपूर असते. अहवालात उपलब्ध पालाश हेक्टरी 280 किलोच्या वर असेल तर यंदा पोटॅशची गोणी घरात आणूच नका. 108 च्या आत असेल तर पूर्ण 20 किलो द्या. मधल्या आकड्यांना जमीन बघून ठरवा: माळरान, मुरमाड, हलकी असेल तर द्या, भारी असेल आणि सोयाबीनला पालाश दिलेले असेल तर राहू द्या. अहवालच नसेल तर दुकानदाराच्या अंदाजावर जाऊ नका. त्याने तुमची माती तपासलेली नाही, गोदामातला साठा तेवढा तपासलेला असतो.

द्यायचेच ठरले तर एकरी 31 किलो 10:26:26 आणि 28 किलो युरिया, बस. यात नत्र, स्फुरद, पालाश तिन्ही बसतात. या हिशेबावर वेगळे पोटॅश लागत नाही. 10:26:26 मिळाले नाही म्हणून डीएपी (यात नत्र आणि स्फुरद असते, पालाश नसते) घेतले असेल तर त्याबरोबर एकरी 13 किलो म्युरेट. तेरा किलो म्हणजे तेरा किलो, उरलेली गोणी पुढच्या हंगामाला ठेवा. "उरलंय तर टाकून देऊ" हे वाक्य मी फार बांधांवर ऐकले आहे.

प्रश्न: पेरणी झाली, आता महिन्याने युरियाबरोबर पोटॅश फेकून दिले तर चालेल का?

चालणार नाही. कोरडवाहू गव्हात वरून फेकलेले पालाश वरच्या दोन बोटे कोरड्या मातीत पडून राहते. पालाश पाण्यातूनच, तेही अगदी थोडे-थोडे सरकत मुळाशी जाते. ओल नाही म्हणजे सरकणे नाही. त्यात काळ्या जमिनीतली चिकणमाती ते धरून ठेवते. पेरणीनंतर वरचा थर महिनाभरात वाळतो आणि मुळे ओलीच्या मागे खाली जातात. खत वर, मुळे खाली. पिकाला दिल्याचे फक्त तुमच्या मनाला समाधान.

म्हणून कोरडवाहूत सगळे खत एकाच वेळी, पेरणीबरोबर आणि ओलीत. दोन चाड्यांची पाभर (बी-खत ओतायची दोन तोंडे असलेले पेरणीचे औजार) वापरा, हे मी प्रत्येक सभेत सांगतो आणि प्रत्येक सभेत निम्मे लोक मान हलवून घरी जाऊन खत फेकतात. एका चाड्यातून बी, दुसऱ्यातून खत. खत बियाण्याच्या खाली किंवा बाजूला चार-पाच सेंटिमीटरवर पडले पाहिजे. ट्रॅक्टरचे बी-खत पेरणी यंत्र असेल तर उत्तमच, फक्त नळे आधी रिकामे चालवून बघा; युरिया आणि पोटॅश मिसळून रात्रभर ठेवले की ओलसर होऊन गोळे धरतात आणि नळा तुंबतो. पेरताना मिसळा, आदल्या दिवशी नाही.

बी आणि पोटॅश एकाच चाड्यात टाकू नका. पुन्हा लिहितो, एकाच चाड्यात टाकू नका. म्युरेट हे मीठच आहे, जमिनीत ओल बेताची असताना ते बियाण्याच्या तोंडचे पाणी ओढते. उगवण विरळ होते, आणि मग दोष बियाण्यावर जातो. विरळ उगवणीच्या तक्रारीवर शेतात गेलो की मी आधी खत कसे पेरले ते विचारतो. बरेचदा उत्तर तिथेच मिळते.

दोन चाड्यांची पाभर नसेल तर त्याच दिवशी सकाळी खत खोल पेरून घ्या आणि लगेच आडवे बी पेरा. मध्ये दिवस घालवला तर ओल उडते. खारवट जमिनीत म्युरेट टाळा, सल्फेट ऑफ पोटॅश घ्या.

प्रश्न: पानांची टोके करपत आहेत. कृषी केंद्रात पोटॅशची कमतरता सांगितली आणि द्रवरूप पोटॅश, टॉनिक, बूस्टर असा संच दिला. फवारू का?

आधी पान बघा. पालाश कमी पडले तर खालची, जुनी पाने टोकाकडून आणि कडांनी करपतात, मधली शीर बराच काळ हिरवी राहते. संपूर्ण जुने पान पिवळे पडत असेल तर ते नत्र. दुपारी माना टाकणारे पीक आणि करपलेली टोके म्हणजे बहुधा पाण्याचा ताण. त्यावर संचाने काहीही होणार नाही.

फवारणीची एक जागा आहे आणि ती एवढीच: पीक पोटरीत (ओंबी पानाच्या आवरणात फुगलेली) असताना आणि पुन्हा फुलोऱ्यात, 13:0:45 (पोटॅशियम नायट्रेट) दोन टक्के, म्हणजे एकरी 200 लिटर पाण्यात 4 किलो. उशिराच्या पेरणीत दाणे भरताना ऊन वाढले तर याचा उपयोग होतो, कारण पालाश पानांची छिद्रे उघड-मीट नीट ठेवते आणि पानातला अन्नरस दाण्याकडे नेते. पण या 4 किलोत पालाश जेमतेम 1.8 किलो आहे. जमिनीतून द्यायच्या खताला हा पर्याय नाही. सकाळी किंवा ऊन उतरल्यावर फवारा, सुकलेल्या पिकावर भर दुपारी नको, आणि त्यात टॉनिक, बूस्टर, कीटकनाशक असे सगळे ओतू नका. दाणे चिकातून पुढे जाऊन टणक होऊ लागले की फवारणी बंद. "चमक येण्यासाठी शेवटचा हात" असे कोणी सांगितले तर तो त्याच्या गल्ल्याची चमक बघतोय.

युरियाच्या गोणीमागे असला संच गळ्यात मारत असतील तर ते लिंकिंग आहे. पक्के बिल मागा, नाही दिले तर तालुका कृषी अधिकारी कार्यालयात लेखी तक्रार द्या. तोंडी सांगून आमच्याकडून काही होत नाही.

प्रश्न: खत कमी करायचे तर पालाश येणार कुठून?

गव्हाने उचललेले बहुतेक पालाश काडात असते, दाण्यात कमी. काड, भुसा शेताबाहेर गेला की पालाश गेले. जनावरांना घालता, ठीक आहे, पण मग शेण परत शेतात येऊ द्या. हेक्टरी 5 टन चांगले कुजलेले शेणखत म्हणजे अंदाजे 25 किलो पालाश, म्हणजे कोरडवाहू गव्हाची गरज भागली. चुलीची राखही चालते, फक्त युरिया किंवा डीएपीत मिसळू नका, नत्र उडून जाते.

प्रश्न: माती तपासणी आणि पाभरीला अनुदान मिळते का?

नमुना खरीप निघाल्यावर, खत घालण्याआधी घ्या: आठ-दहा ठिकाणांहून, वीत-सव्वा वीत खोल, बांध, उकिरडा आणि झाडाखालची जागा सोडून. मृद आरोग्य पत्रिकेसाठी सहाय्यक कृषी अधिकाऱ्याकडे (पूर्वीचे कृषी सहायक) द्या. पेरणी यंत्राला महाडीबीटीवर (राज्य सरकारच्या योजनांचे संकेतस्थळ) यांत्रिकीकरणात अर्ज करा. पूर्वसंमती हातात येण्याआधी यंत्र विकत घेतले तर अनुदान मिळत नाही. बाकी कागदपत्रे सहाय्यक कृषी अधिकारी सांगतील.