वाचकांचे प्रश्न : श्रीलंका सावरली ती कशी?

प्रश्न : जुलै २०२२मध्ये श्रीलंकेत जमाव राष्ट्राध्यक्षांच्या निवासस्थानात घुसला, गोटाबाया राजपक्षे देश सोडून गेले. तरी सप्टेंबर २०२२मध्ये ७० टक्क्यांच्या घरात असलेला महागाईचा दर वर्षभरात दीड टक्क्याखाली आला. सरकारच धड नसताना हे कसं जमलं? आंतरराष्ट्रीय नाणेनिधीच्या पैशामुळे का?
(एक वाचक, सांगली)

उत्तर : नाणेनिधीचं कर्ज मंजूर झालं २० मार्च २०२३ला आणि पहिला हप्ता होता ३३ कोटी डॉलरचा. खरी पडझड त्याच्या कितीतरी आधी रोखली गेली, ती मध्यवर्ती बँकेत.

नंदलाल वीरसिंघे गव्हर्नर झाले आणि ८ एप्रिल २०२२ला बँकेचा कर्जदर, म्हणजे ती इतर बँकांना ज्या व्याजाने पैसे देते तो दर, साडेसातवरून थेट साडेचौदा टक्क्यांवर गेला. मार्चमध्ये महागाई १८ टक्क्यांच्या वर होती. एवढ्या महागाईत साडेसाताच्या आसपास दर ठेवला, तर ज्याला कर्ज मिळेल तो माल नाहीतर डॉलर साठवणारच. पाठोपाठ १२ एप्रिलला परदेशी कर्जाची परतफेड थांबवली. परकीय चलनाची गंगाजळी कागदावर पावणेदोन-दोन अब्ज डॉलर दिसे. पण त्यातले दीड अब्ज चीनशी झालेल्या चलन-अदलाबदलीचे (दोन मध्यवर्ती बँका एकमेकींना आपलं चलन ठरावीक मुदतीसाठी देतात, ती), हात लावता न येणारे. उरलेली चिल्लर रोखेधारकांना, म्हणजे सरकारचे कर्जरोखे घेतलेल्यांना, द्यायची की गॅस, इंधन, औषधांना, एवढाच प्रश्न होता.

घोळ झाला तो क्रमात. रुपया ७ मार्चलाच मोकळा सोडला होता, म्हणजे त्याचा भाव धरून ठेवणं थांबवलं होतं, पुरेशी व्याजवाढ आणि परतफेडीची स्थगिती मात्र महिन्याने आली. आधाराला डॉलर नाहीत आणि दर कमी, मग रुपया घसरणारच. दोनशेच्या आसपासचा डॉलर मे महिन्यात ३६०वर पोहोचला.

रस्ते शांत होण्यात आमच्या मते मोठा वाटा इंधनाच्या क्यूआर कोडचा, म्हणजे कोड दाखवून ठरलेलंच इंधन मिळण्याचा. सुरुवातीला दुचाकीला आठवड्याला ४ लिटर, रिक्षाला ५, मोटारीला २०. नोंदणी वाहनाच्या नावावर, त्यामुळे पुन्हा पुन्हा रांगेत उभं राहून कॅन भरण्यात अर्थ उरला नाही.

प्रश्न : भारताने रोख पैसे दिले का?

उत्तर : बहुतांश नाही. स्टेट बँकेने जीवनावश्यक मालासाठी १ अब्ज डॉलरची आणि एक्झिम बँकेने इंधनासाठी ५० कोटींची उधारीची मर्यादा दिली. माल भारतातून जायचा, निर्यातदाराचे पैसे इथेच चुकते व्हायचे, श्रीलंकेने नंतर फेडायचे. रिझर्व्ह बँकेचे ४० कोटी मात्र चलन-अदलाबदलीतून आले.

प्रश्न : म्हणजे तिथे आता स्वस्ताई आहे?

उत्तर : नाही. किमती वाढायचा वेग मंदावला, वाढलेल्या किमती तशाच राहिल्या. वीजदर ऑगस्ट २०२२मध्ये सरासरी ७५ टक्क्यांनी आणि फेब्रुवारी २०२३मध्ये पुन्हा ६६ टक्क्यांनी वाढले. २०१९मध्ये ८ टक्क्यांवर आणलेला मूल्यवर्धित कर जानेवारी २०२४मध्ये १८ टक्के झाला. पगार त्या मानाने वाढले नाहीत.