सलाईनचा हिशेब: सुरुवातीला एवढं सांभाळ

शिरवळच्या पशुवैद्यकीय कॉलेजातून पास होऊन साताऱ्यात प्रॅक्टिस सुरू केलीस, छान. सलाईनच्या हिशेबाची धास्ती घेऊ नकोस.

समज, पार्व्हो (उलटी-जुलाबाचा विषाणूजन्य आजार) झालेलं लॅब्राडोरचं पिल्लू, १२ किलो, डिहायड्रेशन ८ टक्के. अंगातल्या पाण्याची तूट (किलो × टक्के × १०): १२ × ८ × १० = ९६० मिली. दिवसाची गरज किलोला साधारण ५० मिली, म्हणजे ६००. एकूण १५६०, २४ तासांत भागलं की तासाला ६५ मिली. २० थेंबांना एक मिली देणाऱ्या सेटवर (सलाईनच्या नळीवर) मिनिटाला २२ थेंब. उलटी-जुलाबात जाणारं पाणी यात वरून धरायचं; नवीन मंडळी हेच हमखास विसरतात.

वजन अंदाजाने धरू नकोस. मालकाला कुत्रं घेऊन काट्यावर उभं कर, मग एकट्या मालकाचं वजन वजा कर. सेटचं पाकीट वाच: मायक्रोसेटचे ६० थेंब म्हणजे एक मिली.

बाटली लावून निघून जायचं नाही. पाय दुमडला की थेंब थांबतात. श्वास वाढला, नाकातून पाणी आलं, तर आधी सलाईन बंद कर, मग छाती ऐक. हृदयाचा त्रास असलेल्या कुत्र्यात तर फारच जपून.

शॉकमधला (रक्ताभिसरण ढासळलेलं असतानाचा) बोलस, म्हणजे थोड्या वेळात भराभर दिलेली सलाईन, मात्र सीनियरसोबत उभं राहूनच शीक.