‘वात झालाय’ म्हणावं की ‘भूल उतरली नाही’?

प्रश्न असा आला आहे: खुब्याच्या ऑपरेशननंतर दुसऱ्या रात्री आजी कॉटवरून उठायला लागल्या, सलाईनची नळी ओढू लागल्या, ‘चुलीवर दूध ठेवलंय’ म्हणू लागल्या. डॉक्टरांनी ‘डिलिरियम’ सांगितलं. घरात कुणी म्हणतं भूल उतरली नाही, कुणी म्हणतं वेड लागलं. याला मराठीत नेमकं काय म्हणायचं?

याला मराठीत शब्द आहे आणि तो घरातलाच आहे: वात. तापात माणूस असंबद्ध बोलायला लागला की जुनी माणसं ‘त्याला वात झालाय’, ‘वातात बरळतोय’ म्हणत. आज वात म्हटलं की आपल्याला गुडघे आठवतात. खुब्याच्या पेशंटला ‘वात झालाय’ म्हटलं तर ऐकणारा सांधेदुखीच समजेल. पण ‘पोरांनी नुसता वात आणलाय’ असं आपण अजून म्हणतो ना? त्यातला वात गुडघ्यातला नाही, डोक्यातला आहे. म्हणून ‘आजी वातात आहेत’, ‘वातात बडबडतायत’ असं म्हणावं, घोटाळा होत नाही.

‘भूल उतरली नाही’ हे मात्र बहुतेक वेळा चूक असतं. भुलीतून बाहेर येतानाही काही जण गोंधळतात, पण ते तेवढ्यापुरतं. हा वात बहुधा पहिल्या ते तिसऱ्या दिवसात येतो. मधल्या वेळात माणूस नीट जागा झालेला असतो, त्याने चहा घेतलेला असतो, सगळ्यांना ओळखलेलं असतं. म्हणून तर नातेवाईक इतके हादरतात.

‘वेड’ हा शब्द तर कृपा करून नको. वेड लागतं ते राहतं, अशी आपली समजूत; वात चढतो आणि उतरतो. डिलिरियमही तसंच आहे: सकाळी माणूस बरा, संध्याकाळ झाली की पुन्हा भरकटलेला. बहुतेकांचं काही दिवसांत ओसरतं, काहींना आठवडे लागतात. स्मृतिभ्रंश वेगळा, तो महिनोन्‌महिने हळूहळू वाढत जातो.

खुद्द ‘डिलिरियम’चं मूळ मला फार आवडतं. लॅटिनमध्ये ‘लीरा’ म्हणजे नांगराचं तास, शेतात पडणारी सरळ रेघ. तास सोडून नांगर भलतीकडे गेला की ते डिलिरियम. बैल जागेवर, औत शाबूत, शेतही तेच. फक्त रेघ सुटली. मेंदूतही पहिल्यांदा सुटते ती लक्षाची रेघ. म्हणून डॉक्टर आजींना वार उलटे म्हणायला सांगतात: रविवार, शनिवार, शुक्रवार... आणि त्या मध्येच हरवतात. वार त्या विसरलेल्या नसतात, धागा धरता येत नसतो. मेंदूचा विद्युत आलेख काढला तर लाटा मंदावलेल्या दिसतात. जखमेमुळे शरीरात उठलेल्या दाहाचे परिणाम मेंदूपर्यंत पोचतात, लक्ष टिकवणारं अ‍ॅसिटिलकोलीन हे मेंदूतलं रसायन कमी पडतं, मेंदूच्या भागांचं एकमेकांशी असलेलं बोलणं विस्कटतं. त्यात वय, मोडलेली झोप, अडलेली लघवी, जंतुसंसर्ग, घटलेलं सोडियम, झोपेच्या काही गोळ्या. कारण क्वचितच एक असतं. इथे मला ‘सन्निपात’ आठवतो: एकत्र येऊन कोसळणं. तीनही दोष एकदम बिघडले की सन्निपात, असं आयुर्वेद म्हणतो. तो सिद्धांत वेगळा. पण बरंच काही एकाच वेळी कोसळतं हे त्या शब्दाने अचूक धरलं आहे.

परिभाषेत ‘मुग्धभ्रांती’ असाही शब्द आहे. संस्कृतात तो बरोबर आहे, कारण मुग्ध आणि मूढ एकाच ‘मुह्’ धातूचे. पण मराठी कानाला मुग्ध म्हणजे लाजरी, अबोल कळी. नळी ओढणाऱ्या आजींना तो शब्द लावावासा वाटत नाही.

‘वात’ या शब्दात एक उणीवही आहे. तो ऐकला की बडबड, ओढाताण डोळ्यांपुढे येते. पण कित्येक म्हाताऱ्या माणसांत हा विकार गप्प असतो. पेशंट नुसता पडून राहतो, हाक मारली तर उशिरा बघतो, घास तोंडात तसाच धरून ठेवतो. घरचे म्हणतात, ‘शांत झोपलेत, बरं आहे.’ आणि नेमका तोच वात नजरेतून सुटतो. तो सुटू नये, कारण डिलिरियम होऊन गेलेल्या काही वृद्धांची स्मरणशक्ती नंतर जास्त वेगाने घसरताना दिसते, विशेषतः आधीपासून थोडा विसरभोळेपणा असेल तर.

तेव्हा सिस्टरना सांगताना ‘बडबडतायत’ किंवा ‘शांत आहेत’ एवढ्यावर थांबू नका. ‘कालपर्यंत अशा नव्हत्या’ हे आवर्जून सांगा. आणि आजींचा चष्मा, कानाचं यंत्र कपाटात असेल तर आधी ते त्यांना लावा; दिवसा खिडकी उघडी ठेवा, रात्री दिवा मंद करा, ओळखीचं माणूस उशाशी बसू द्या. त्या चुलीवरच्या दुधाबद्दल पुन्हा बोलल्या तर वाद घालू नका. ‘मी बघते, तुम्ही पडा’ म्हणा.