मार न लागता खांद्याचा टेंडन फाटला असेल, तर ऑपरेशन टाळता येतं का?

वडिलांचं वय 62, कुठे पडले-झडले नाहीत, एमआरआयमध्ये सुप्रास्पायनॅटसची (खांद्याच्या वरच्या बाजूचा, हात उचलायला मदत करणारा स्नायू; त्याला हाडाशी जोडणारी दोरी म्हणजे टेंडन) आरपार टिअर, म्हणजे फाट, हात वर जातो पण दुखतो, असं तुम्ही लिहिलंय. अशा खांद्याला मी आधी 12 आठवडे व्यायाम देईन.

फाटलेला टेंडन व्यायामाने सांधत नाही, हे आधीच सांगतो. बाकीचे स्नायू त्याचं काम वाटून घेतात, म्हणून दुखणं कमी होतं. त्यामुळे दुखणं थांबल्यावर हौसेने पुन्हा एमआरआय काढू नका, टिअर दिसणारच. अमेरिकेतल्या मून (MOON) या खांद्यावर संशोधन करणाऱ्या डॉक्टरांच्या गटाने अशाच 452 रुग्णांना व्यायाम दिला (2013). दोन वर्षांत पाव हिश्शाहून कमी लोकांनी ऑपरेशन केलं, तेही बहुतेकांनी पहिल्या 12 आठवड्यांतच. ऑपरेशनकडे कोण वळणार हे टिअरच्या आकारापेक्षा रुग्णाचा व्यायामावर किती विश्वास आहे यावरून जास्त कळलं. दुसरी बाजूही आहे: नॉर्वेतल्या 10 वर्षांच्या पाठपुराव्यात लहान-मध्यम टिअर शिवून घेतलेल्यांचे खांदे सरस ठरले. म्हणजे ऑपरेशन वाईट नाही, फक्त घाईचं नाही.

व्यायामात सगळ्यात हलका रबर बँड घ्या. काखेत टॉवेलची गुंडाळी, कोपर बरगडीला टेकवून काटकोनात, आणि पंजा सावकाश बाहेर. परत येताना त्याहून सावकाश. 10 वेळा, 3 फेऱ्या, एक दिवसाआड. खांदा कानाकडे उचलला जात असेल तर बँड जड झालाय. सोबत पाठीच्या पात्यांचे व्यायाम, आणि रोज भिंतीवर बोटं चढवणं. दहापैकी तीन-चारपर्यंत दुखलं तर चालतं. दुसऱ्या सकाळीही ठणका राहिला तर फेऱ्या कमी करा. बहुतेकांचं गाडं अडतं ते महिनोन्महिने नुसता हात लोंबकळत झुलवण्यात आणि मशीनचा शेक घेण्यात. त्याने ताकद येत नाही.

रात्री झोपच लागत नसेल तर स्टेरॉइडचं एखादं इंजेक्शन ठीक, आराम काही आठवड्यांचा. मधुमेह असेल तर त्यानंतर काही दिवस साखर चढते, रोज तपासा. वारंवार मात्र नको, टेंडन कमजोर होतो.

पडल्यानंतर अचानक हात वर जायचा बंद झाला, तर हे सगळं सोडा आणि त्याच आठवड्यात खांद्याच्या सर्जनला दाखवा. तिथे थांबलं तर टेंडन आखडतो, स्नायूत चरबी भरते आणि मग टाके धरत नाहीत.