बाबांची स्कूटर बंद कशी करायची?

प्रश्न: ताई, बाबा ७४ वर्षांचे, एसटीतून ड्रायव्हर म्हणून रिटायर झालेत. वर्षापूर्वी डिमेन्शियाचं निदान झालं. आम्ही साताऱ्यात राहतो. मागच्या आठवड्यात ते दूध आणायला गेले ते दीड तासाने आले, मडगार्डला नवा पोचा आणि म्हणे कुणीतरी ठोकलं असेल. शेजाऱ्यांनी त्यांना पोवई नाक्यावर उलट्या बाजूने येताना बघितलं. मी चावी लपवली तर त्यांनी डुप्लिकेट करून आणली! काय करू?

उत्तर: अगं, डुप्लिकेटचं वाचून हसू आलं आणि पोटात गोळाही आला. चावी लपवू नकोस, त्यांना ती चोरीच वाटणार. हा आजार झाला म्हणजे त्याच दिवशी गाडी सोडायला लागते असं नाही, पण उलट्या बाजूने जाणं आणि न आठवणारा पोचा एवढं झाल्यावर आता थांबायलाच हवं. गोची अशी की गिअर-ब्रेकची सवय हातापायात मुरलेली असते, ती उशिरा जाते, म्हणून सरळ रस्त्यावर ते अगदी ठणठणीत वाटतात, पण चौकात अचानक कुणी आडवं आलं की काय करायचं ते पटकन सुचत नाही.

सकाळी डोकं ताजं असताना त्यांनाच विचार, "बाबा, डेपोतला एखादा ड्रायव्हर असा रूट चुकायला लागला असता तर तुम्ही त्याच्या हातात गाडी दिली असती का?" उत्तर त्यांच्या तोंडून येऊ दे. दुपारपर्यंत विसरतील, तेव्हा डॉक्टरांकडून 'गाडी चालवू नये' असं लिहून घे आणि फ्रिजवर लाव, म्हणजे वाईटपणा डॉक्टरांकडे, तुझ्याकडे नाही. पंचावन्नच्या पुढे लायसन्स पाच-पाच वर्षांनीच रिन्यू होतं आणि डॉक्टरांचं सर्टिफिकेट लागतं, पण त्या तारखेची वाट बघत बसू नकोस. मोतीबिंदू किंवा झोपेच्या गोळ्यांमुळेही गडबड वाढते, तेही एकदा विचारून घे.

स्कूटर मात्र अंगणातून हलव, विक नाहीतर भावाकडे ठेव, डोळ्यासमोर असली की हात शिवशिवणारच. दुधाला तू किंवा नातू बरोबर चालत जा, लांबचं काही असेल तर ओळखीचा एकच रिक्षावाला ठरव. आणि ७५ पूर्ण झाले की एसटीचं तिकीट फुकट आहे, तेव्हा महिन्यातून एकदा वाईला घेऊन जा, ड्रायव्हरच्या मागच्या सीटवर बसव. पूर्ण रस्ता त्या बिचाऱ्या ड्रायव्हरच्या चुका काढतील, काढू दे.